भोरड्यांचा पाहुणचार

"हिले पाखराचं इंग्रजी नाव येत असीन. पाखरू खाते काय, ते नाई येत."

हे माझ्याबद्दल होतं. वावराची मालकीण खाला मचाणावर बसली होती, तिची सून खाली ज्वारीत वाकून हुरड्यासाठी कोवळी कणसं खुडत होती आणि मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभी होते. वारा माझ्याकडे वाहत होता म्हणून ऐकू आलं. सून फिसकन हसली. मी मोबाइलमध्ये काही वाचत असल्यासारखं केलं. तिथं रेंज नव्हती, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

माझ्या गळ्यात पक्षी महोत्सवाचं ओळखपत्र होतं. त्यावर माझं नाव आणि खाली 'स्थानिक समन्वयक' असं छापलेलं. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हिरवी नऊवारी. आणि मनात एक वाक्य, जे मी जीप थांबल्यापासून जुळवत होते आणि जे प्रत्येक वेळी अर्ध्यात मोडत होतं.

जानेवारी आला की आमच्या खामगावात घरासमोरच्या तारांवर भोरड्या बसतात. काळं डोकं, काळे पंख आणि मध्ये फिकट गुलाबी अंग, जणू कुणी जुनं पोलकं घातलंय. लोक थांबून फोटो काढतात. मी खिडकी लावून घेते. कुणी विचारलं तर धूळ येते म्हणून सांगते. खरं असं की त्यांचा कलकलाट ऐकला की मला पुन्हा त्या धुऱ्यावर उभं केल्यासारखं वाटतं. यंदाही महोत्सवाचं पत्रक मोबाइलवर आलं. 'पाहुणे आले घाटावर!' तेच अक्षर, तोच गुलाबी पक्षी, फक्त जागा वेगळी. मी ते कुणाला पुढं पाठवलं नाही. पुसलंही नाही.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. घाटावरचा आणि घाटाखालचा. मी घाटाखालची. वडिलांचं बाजारात कृषी केंद्र. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉन्व्हेंट. दुकानात आलेली माणसं काउंटरवर कोपर टेकून वऱ्हाडीत बोलत आणि वडील त्यांच्याशी तसंच बोलत. मी दुकानात आले की ते मध्येच भाषा बदलून मला म्हणत, "बेटा, होमवर्क झाला?" समोरची माणसं गप्प होऊन माझ्या बुटांकडे बघत. मला दोन्ही समजायचं, बोलताना मात्र कुठलंच तोंडात बसायचं नाही. म्हणून मी कमी बोलायला लागले. पुढं पुढं लोक त्याला चांगलं वळण म्हणू लागले.

आमच्या इंग्रजी वाचनाच्या पुस्तकात बर्फात बसलेला लाल छातीचा एक पक्षी होता. त्याचं स्पेलिंग मला दुसरीपासून येतं. खिडकीबाहेर जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग असे, कापसाचे पुंजके बाभळींच्या काट्यांना अडकून राहत, आणि मला वाटे की बर्फ असाच असणार. दुकानाच्या मागच्या खोलीत औषधांचा उग्र वास. तो वडिलांच्या सदऱ्याला, आमच्या गाद्यांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा लागे. शेल्फवर बीटी कापसाची पाकिटं, त्यांवर टपोरी पांढरी बोंडं आणि हसणारा शेतकरी. ज्वारीचं बियाणं सगळ्यात खालच्या फळीवर. मग तेही मागवणं बंद झालं, कुणी विचारत नाही म्हणून.

केतन सर पुण्याचे. त्यांना मी वाईट माणूस म्हणू शकत नाही, आणि याचाही मला राग आहे. देऊळघाटच्या पुढं, डोंगराच्या कडेला, भोरड्यांचे प्रचंड थवे उतरतात हे त्यांनी शोधून काढलं आणि तिथं दोन दिवसांचा महोत्सव ठरवला. शहरातून चाळीस पाहुणे येणार, त्यांना जीपमधून गावं दाखवायची, हुरडा खाऊ घालायचा, लोकगीतं ऐकवायची आणि पहाटे पाखरं. ते त्या पक्ष्यांबद्दल बोलू लागले की आवाज खाली यायचा. हजारो कोस दूरच्या दगडी डोंगरांत त्यांची घरटी असतात, तिकडं टोळ खाऊन पिल्लं वाढवतात, मग पर्वत ओलांडून इथं येतात. "आपल्याकडे," ते म्हणायचे, "विश्वास ठेवून." मला ते ऐकायला आवडायचं. मी वही काढून लिहून घेतलं होतं.

एक अडचण होती. पाखरं ज्या उतारावर उतरत, तिथं एकच ज्वारीचं वावर होतं. बाकी सगळं शिवार पऱ्हाटी, म्हणजे कापूस. आणि त्या वावराची मालकीण पहाटेपासून मचाणावर बसून गोफणीनं त्यांना हाकलायची.

"तू जा," सर म्हणाले. "तू इथली आहेस, तुझं ऐकतील. दोनच सकाळी गोफण थांबवायची. आणि अकरा वाजता स्टेजसमोर गोफणीचं प्रात्यक्षिक आहे, त्याला त्यांना बोलाव. ही साडी दे नेसायला. फक्त फिरवून दाखवायची म्हणावं, दगड नको."

मी मान हलवली. माझी मान नेहमी माझ्या आधी बोलते.

तर मी धुऱ्यावर. गावात सगळेच तिला खाला म्हणत, मावशी या अर्थी, तिच्या घरचे असोत की नसोत. तिनं सलवार-कमीजवर कुणाचं तरी पुरुषी स्वेटर घातलं होतं, ओढणी डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेली, पायांत काही नाही. मचाण म्हणजे चार मेढी आणि वर पऱ्हाट्यांचा बिछाना. तिच्या ओच्यात नदीतले गोटे होते, लिंबाएवढे, निवडून आणलेले.

"बोल नं वं," ती म्हणाली. "कवाची उभी हाय, पाय दुखन."

मी बोलले. शुद्ध मराठीत, पत्रकात लिहिलं होतं तसं. 'सहकार्य' हा शब्दही वापरला. सून ताठ होऊन ऐकत होती. खालानं सगळं ऐकून घेतलं, मग गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "नाई."

"दोनच सकाळी..."

"दोन कायले, एक बस्स झाली. दुधात हाय कणीस. एका सकाळी बसू देलं तं धांडे उभे राह्यतीन नुसते." तिनं हात लांब करून शिवार दाखवलं. "हे पाह्य. पयले साऱ्या शिवारात ज्वारी राहे. इकून म्या हाकललं का पाखरू शेजारनीच्या वावरात, तिनं हाकललं का तिच्या पलीकडच्या. दिसभर गावभर फिरे थे. साऱ्याइचं थोडं थोडं खाये, कोनाचं घर नाई बुडे. आता सारी पऱ्हाटी. पाखरानं जाव कुठं? येते साऱ्याच्या साऱ्या माह्याच बोडक्यावर."

"मग ज्वारी का लावता?" हा प्रश्न सरांचा नव्हता, माझा होता. निघून गेला तोंडातून.

"खायाले," ती म्हणाली, मला ऐकू कमी येतं असं समजून जरा मोठ्यानं. "पऱ्हाटी खाते काय कोनी?"

तिच्या पऱ्हाटीत त्या वर्षी बोंडअळी होती. मी येताना पाहिलं होतं. बोंडं फोडली की आत पिवळट, चिकटलेली कवडी निघायची, कापूस नव्हेच. बहुतेकांनी झाडं उपटायलाही माणूस लावलं नव्हतं. म्हणजे घराला वर्षभराच्या भाकरी आणि दोन शेळ्या, एक म्हैस यांना कडबा, जे काही होतं ते त्या एका तुकड्यात, माझ्यासमोर, वाऱ्यावर सळसळत होतं.

"तुह्या बापाचं दुकान हाय नं खामगावात? कृषी केंद्र?" तिनं विचारलं. कसं ओळखलं, माहीत नाही. नाकावरून असेल. "माह्या लेकानं तिथूनच बी आनलं. तुह्या बापानं सांगलं त्याले, ज्वारीत काय हाय, थे तं पाखरं खाते. खरं सांगलं बिचाऱ्यानं. पर पाखरावाले तुमीच, आन् बीवालेबी तुमीच?"

मी पिशवी पुढं केली. तिनं मचाणावरून उतरून नऊवारी उलगडून पाहिली, सुनेच्या अंगाला लावली, दोघी पोट धरून हसल्या.

"याचं बुजगावनं मस्त होईन," खाला म्हणाली. "सांग तुह्या सरले. मेहमान हाय तं मेहमानासारखं या म्हना. हुरडा खा, चाय घ्या. घर खाऊन जाते त्याले काय मेहमान म्हनते?"

मग तिनं मला हुरडा दिला. कणसं शेणीच्या आरात, निखाऱ्यांवर भाजलेली, हातावर चोळून फुंकर मारलेली, हिरवे मऊ दाणे, राखेचा किंचित कडूपणा. मी धुऱ्यावर बसून खाल्ला. त्याची चव मला अजून येते, आणि ती आली की मला स्वतःची चीड येते. मी तिच्या घासातून खाऊन तिथून उठले आणि काय केलं?

वर डोंगरावर मांडव उभा राहत होता. भोंग्याची चाचणी चालली होती. सर एका हातानं फोन कानाला धरून दुसऱ्या हातानं खुर्च्या कुठं लावायच्या ते दाखवत होते. मला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. "झालं ना?" एवढंच. मी सांगणार होते. नाही म्हणाल्या, कारण असं असं आहे, इथपर्यंत सगळं वाक्य तयार होतं. पण ते फोनवर होते, आणि दोन पाहुण्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी मान हलवली.

संध्याकाळपर्यंत परत बोलू, असं मी ठरवलं. संध्याकाळी उद्घाटन होतं. मग जेवणं होती. मग पाहुण्यांना पांघरुणं कमी पडली. नाही बोलणाऱ्या माणसाला कारणं फार लवकर सापडतात. लोक लाजाळूपणाला गुण समजतात. मीही समजत होते. आपण कुणाला दुखवत नाही, कुणाच्या मध्ये पडत नाही. मध्ये न पडल्यानं एखाद्याचं वावर जाऊ शकतं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत, आणि मी त्यासाठी शाळेला दोष देणार नाही. तोंड माझं होतं.

घाटावरची पहाट फार थंड असते. गवतावर दव, तोंडातून वाफ, जीपच्या काचा धुरकट. चाळीस जण एका रांगेत उताराच्या कडेला उभे केले होते, सगळ्यांचे कपडे मातीच्या रंगाचे, मुद्दाम विकत घेतलेले. माझ्या शेजारच्या बाईंच्या हातातली लेन्स आमच्या घरच्या पाण्याच्या बंबाएवढी होती. खाली ज्वारी करडी दिसत होती. तिच्या मधोमध कुणीतरी उभं होतं, हिरव्या नऊवारीत, दोन्ही हात पसरून.

"वा, नेसल्या वाटतं," सर खूश होऊन म्हणाले आणि दुर्बीण लावली. मग दुर्बीण खाली घेतली. बुजगावण्याच्या डोक्याच्या जागी मडकं होतं. कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याचा फोटो काढला.

आणि मग त्या आल्या. आधी ऐकू आल्या, खूप लांबून, चाळणीतून धान्य पडावं तसा आवाज. डोंगराच्या मागून एक काळा धूर वर चढला, वळला, लांब झाला, गोळा झाला. सूर्य निघाला होता. थवा आमच्याकडे वळताना क्षणभर सगळाच्या सगळा गुलाबी झाला. मला खोटं बोलायचं नाही, मी त्याइतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. शेजारच्या बाई रडत होत्या. सरांचे ओठ हलत होते. थवा एकदा ज्वारीवरून गेला, परत फिरला आणि उतरला. सगळा. एका वावरात. बुजगावण्याच्या मडक्यावरही चार बसल्या. कणसं वजनानं वाकली आणि ती खाण्याचा आवाज वर आमच्यापर्यंत येऊ लागला, पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तसा.

मचाणावर खाला उभी राहिली.

तिनं गोफण डोक्यावर फिरवली आणि फटकारा मारला. चाबकासारखा आवाज डोंगरावर आपटून परत आला. गोटा नव्हता तिच्यात. पहिली फेक ती नेहमी रिकामी मारायची. आदल्या दिवशी मी हुरडा खात असताना तिनं सांगितलं होतं, "इशारा द्या लागते पाखराले. न सांगता मारू नाई." थव्याचा एक कोपरा उडाला आणि पुन्हा बसला. मग तिनं ओच्यातला गोटा घातला.

दुसऱ्या फटकाऱ्याला सगळं वावर आकाशात गेलं. गुलाबी, काळं, किंचाळणारं. दोन-तीन मिनिटांत डोंगराच्या कडेला काहीच उरलं नाही, फक्त हलणारी ज्वारी.

पाहुण्यांमधून एक कुरकूर उठली. "हे काय? यांना सांगितलं नव्हतं का?" "एवढ्या लांबून आलो आम्ही." "अहो, गावचे लोक असेच. तोंडावर हो म्हणायचं, मग आपलं तेच." सर तोवर उतारावरून खाली पळत सुटले होते. मी त्यांच्यामागे. माझ्यामागे पाहुण्यांतले निम्मे.

त्या वर्षानंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण ते बोलण्यासारखं फार नाही. दुसऱ्या वर्षी महोत्सव दुसऱ्या डोंगरावर गेला. खालाच्या वावरातली निम्मी ज्वारी वाचली, निम्मी नाही. पुढच्या हंगामात तिच्या लेकानं त्या तुकड्यातही पऱ्हाटी लावली. बी आमच्याच दुकानातून नेलं. मी त्या दिवशी काउंटरवर होते. त्यानं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून दाखवलं नाही. मी पाकीट पुढं सरकवलं. खाला आता मचाणावर बसत नाही, राखायला काही नाही. भोरड्या येतात, तारांवर बसतात, सावरीच्या झाडांवर जातात, गावाच्या उकिरड्यावर उतरतात. पत्रकात त्यांना अजून पाहुणेच म्हणतात. वडिलांना मी एकदाच विचारलं, की तुम्ही ज्वारीबद्दल त्याला असं का सांगितलं. ते म्हणाले, "खोटं सांगितलं काय?" म्हणून जानेवारीत मी खिडकी लावते.

पण त्या सकाळी वावराच्या कडेला पोहोचलो तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. सर धापा टाकत मचाणाखाली उभे राहिले आणि ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं.

"काल तुम्ही हो म्हणाला होतात! शब्द दिला होता! आणि आता दगड मारताय?"

"म्या?" खाला वरून म्हणाली. "कोनाले म्हटलं?"

"संरक्षित पक्षी आहे हा. एक जरी मेला ना, तर वनखात्याला कळवावं लागेल मला. गुन्हा दाखल होईल तुमच्यावर. समजतंय का?"

'गुन्हा' या शब्दावर सून पुढं आली आणि तिनं मचाणाची मेढ धरली. "अम्मी, राहू दे," ती हळूच म्हणाली. "खाली ये. राहू दे थे."

खालाचा हात खाली आला. गोफण तिच्या गुडघ्यापाशी लोंबत राहिली, गोटा तसाच आत. थवा डोंगराच्या टोकावरून वळताना दिसला. पाखरांना कळतं, हात कुणाचा थांबलाय ते.

"माह्या जबानीचं बोलू नोको बाबू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "साठ साल झाले या गावात. जबान देऊन फिरवली असं कोनी म्हनन तं सामने आन." मग तिची नजर सरांवरून सरकली, लेन्सवाल्या बाईंवरून सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली. मला वाटलं ती आता सगळं सांगेल. हुरडा चोळताना बघत होती तशीच बघत राहिली.

"पोट्टी आली होती काल," ती म्हणाली. "तिलेच इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खात्री होती, की मी आता त्यांच्या बाजूनं साक्ष देणार. मान हलवणं पुरलं असतं. फक्त एकदा, वरून खाली. गळ्यातलं ओळखपत्र वाऱ्यानं उलटं होऊन कोरी बाजू वर आली होती. पहिल्या पाच-सात भोरड्या माझ्या अगदी समोर कणसावर येऊन बसल्या, चोची ओल्या दाण्यांनी पांढऱ्या, आणि मागून बाकीच्यांचा तो चाळणीसारखा आवाज जवळ येत होता.

"सर, खाला नाहीच म्हणाली होती," मी म्हणाले. "हो मी म्हटलं. खाला, तू हान."